विहाराच्या ओट्यावर नाटक वाचू या आणि त्यावर भांडू या

आपल्या वस्त्यांत वर्षभर कार्यक्रम होतात. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर, २५ डिसेंबर. मंच बांधला जातो, हारतुरे होतात, वक्ता तासभर बोलतो, पोरे टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. वक्त्याला प्रश्न विचारायची वेळ कार्यक्रमपत्रिकेत नसते. दुसऱ्या दिवशी तीच पोरे मोबाईलवर आलेला मेसेज न वाचता पुढे ढकलतात आणि त्याला चर्चा म्हणतात. ज्या बाबासाहेबांनी हयातभर वाद घातला, पुरावा मागितला आणि दिला, त्यांच्या अनुयायांची ही सवय आम्हाला काळजीची वाटते.

यावर आम्ही उरण तालुक्यात एक साधा उपाय करून पाहत आहोत. सहा ते आठ मुलेमुली रविवारी विहाराच्या ओट्यावर गोल करून बसतात. एक नाटक घेतात. एका बैठकीला एक अंक मोठ्याने वाचतात, प्रत्येकाकडे एकेक पात्र. वाचून झाले की त्यावर बोलायचे, पटले नाही तर भांडायचे, पण पुस्तकातला संवाद दाखवून भांडायचे. पेटी, तबला, रंगमंच काही लागत नाही. लागते ते एक पुस्तक आणि दोन तास.

या उपक्रमावर आक्षेप घेतले गेले. काही आपल्याच ज्येष्ठांनी घेतले, काही तरुणांनी. ते आक्षेप खोटे नाहीत. म्हणून त्यांना जाहीर उत्तर देणे आम्हाला आवश्यक वाटते.

नाटक आपल्याला परके आहे का?

पहिला आक्षेप असा की, नाटक हा पांढरपेशांचा नाद आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध? हा आक्षेप घेणाऱ्याला आपलाच इतिहास माहीत नाही, असे नम्रपणे सांगावे लागते.

मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून सांगतात. त्यापुढचा टप्पा म्हणून वि. ज. कीर्तने यांचे १८६१ चे ‘थोरले माधवराव पेशवे’ सांगतात. पौराणिक आख्यान सोडून लिहिलेले, छापलेले स्वतंत्र नाटक म्हणून त्याचा मान मोठा. पण त्याच्या सहा वर्षे आधी, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहून ठेवले होते. त्यात देव नाहीत, राक्षस नाहीत, राजा नाही. एक गरोदर कुणबीण आहे, तिचा नवरा आहे, ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी आहे, आणि मधूनमधून प्रेक्षकांशी बोलून सगळे उघडे पाडणारा विदूषक आहे. शेवटी ते जोडपे कर्मकांड सोडून फुल्यांच्या शाळेत शिकायला जायचे ठरवते. मराठीतले हे पहिले सामाजिक नाटक.

त्याचे झाले काय? जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले, आणि कमिटीने ते नाकारले. का नाकारले, हे जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त लिहून ठेवले आहे. ते नाटक छापून आले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’मधून. म्हणजे १२४ वर्षे ते मराठी वाचकाच्या हातात नव्हते. ज्या काळात मराठी रंगभूमीचा सुवर्णकाळ सांगतात, त्या सगळ्या काळात आपले पहिले नाटक कागदपत्रांत पडून होते. नाटक आपल्याला परके नव्हते. आपल्याला नाटकापासून लांब ठेवले गेले.

सत्यशोधक जलसे, मग भीमराव कर्डकांपासूनचे आंबेडकरी जलसे, या परंपरेने खेड्यापाड्यांत बाबासाहेबांचा विचार पोचवला हे आपण जाणतोच. पण आणखी एक घटना विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. तिच्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीसांनी बाबासाहेबांच्या सूचनेवरून ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि १९५५ साली ते बाबासाहेबांच्या उपस्थितीत विद्यार्थ्यांनी सादर केले. दलित रंगभूमीचा आरंभ अनेक अभ्यासक तिथून धरतात. इमारती उभ्या करायला पैसे अपुरे पडत असताना, प्रकृती साथ देत नसताना, बाबासाहेबांना कॉलेजातल्या पोरांच्या नाटकाकडे लक्ष द्यावेसे वाटले. याचा अर्थ काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

पुढे दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी, रामनाथ चव्हाण, भि. शि. शिंदे, प्रकाश त्रिभुवन, टेक्सास गायकवाड या लेखकांनी ही वाट मोठी केली. गज्वींच्या पुढाकाराने सुरू झालेल्या बोधी नाट्य परिषदेने तर नव्या लेखकाने लिहिलेले नाटक आधी वाचायचे, त्यावर सगळ्यांनी बोलायचे, मग लेखकाने ते पुन्हा लिहायचे, अशी कार्यशाळांची रीतच पाडली. २०१२ साली अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन रंगमंचावर आणले. हातात झाडू असलेल्या माणसांनी जोतीरावांचे संवाद पाठ केले. तेव्हा नाटक कोणाचे, हा प्रश्न आता निकाली निघायला हवा.

‘ती तर त्यांची नाटके’

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आपली नाटके वाचा, पण शूद्रक, कालिदास कशाला? ब्राह्मणी साहित्य वाचून ब्राह्मणी संस्कारच व्हायचे.

आम्ही याच्या उलट म्हणतो. न वाचता नाकारलेली गोष्ट आपल्यावर राज्य करते, वाचून नाकारलेली करत नाही. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती न वाचता नव्हे. तिचे श्लोक त्यांना तिच्या समर्थकांपेक्षा जास्त ठाऊक होते. महाड आणि उरण एकाच जिल्ह्यात आहेत. २५ डिसेंबर १९२७ ही तारीख साजरी करणाऱ्या आपल्या तालुक्यातल्या किती पोरांनी मनुस्मृतीतले एक पान तरी वाचले आहे?

नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की, शूद्रांना वेद ऐकता येत नाहीत, म्हणून सर्व वर्णांसाठी पाचवा वेद निर्माण करावा, आणि तो म्हणजे नाट्य. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी भरताच्या मुलांना ऋषींचा शाप मिळतो, तुम्ही शूद्र व्हाल. का, तर त्यांनी ऋषींची टवाळी करणारे प्रयोग केले. ज्यांना वेद बंद, त्यांच्यासाठी नाटक, आणि नाटकातून टिंगल केली तर शूद्रत्व. ही दोन टोके शेजारी ठेवून वाचली की सांस्कृतिक वर्चस्व म्हणजे काय, हे एका बैठकीत कळते.

आता ‘मृच्छकटिक’ घ्या. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी संगीत रंगभूमीवर आणले, हबीब तन्वीर यांनी १९५८ साली छत्तीसगढच्या लोककलावंतांना बरोबर घेऊन ‘मिट्टी की गाड़ी’ केले. चारुदत्त-वसंतसेनेचे प्रेम सगळ्यांना माहीत असते. त्याखाली काय आहे?

तिसऱ्या अंकात शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर भिंतीला भोक पाडतो. मापायची दोरी विसरलेला असतो, म्हणून गळ्यातले जानवे काढून त्याने मोजतो आणि ब्राह्मणाला ही किती उपयोगी वस्तू आहे असे सांगतो. हे वाचताना आमच्या बैठकीत हसण्याने पाच मिनिटे पुढचा संवाद ऐकू येईना. आठव्या अंकात शकार आपल्या स्थावरक नावाच्या दासाला वसंतसेनेला मारायला सांगतो. दास मार खातो, पण नकार देतो. मात्र तो नकार देताना म्हणतो काय? मागच्या पापाने मी दास झालो, आता आणखी पाप नको. इथे वाचन थांबवावे लागते. दासाचे शौर्य खरे, पण गुलामीचे कारण तो स्वतःच्या पूर्वजन्मात शोधतो. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी पूर्वजन्माच्या कर्माच्या या सिद्धांतावर इतका प्रहार का केला, ते या एका संवादाजवळ बसून जसे समजते तसे दहा व्याख्यानांतून समजत नाही.

नवव्या अंकात न्यायसभा आहे. खुनाच्या खोट्या आरोपात चारुदत्त दोषी ठरतो. न्यायाधीश राजाला कळवतो की आरोपी ब्राह्मण आहे, मनूच्या वचनाप्रमाणे त्याला देहदंड देता येत नाही, त्याच्या संपत्तीसह राज्याबाहेर घालवावे. मनूचे नाव तिथे स्पष्ट घेतलेले आहे. गुन्हा एकच, पण शिक्षा जातीप्रमाणे. मनुस्मृती कधी कोणी अमलात आणली होती, असा प्रश्न आपल्याला विचारला जातो. त्यांच्याच अभिजात नाटकाच्या लेखकाला न्यायसभेचे चित्र काढताना मनूचे हे वचन न्यायाधीशाच्या तोंडी घालणे स्वाभाविक वाटले, हे त्यांना सांगा.

दहाव्या अंकात फाशीकडे नेणारे दोन चांडाळ म्हणतात की, आम्ही चांडाळकुळात जन्मलो तरी चांडाळ नाही, सज्जनाला छळणारे ते चांडाळ. जन्मावरून माणूस ठरत नाही, ही बुद्धाची शिकवण संस्कृत नाटकात चांडाळाच्या तोंडी येते. आणि मग क्रांती होते. पालक राजा मरतो, गवळ्याचा मुलगा आर्यक गादीवर बसतो. बक्षिसांचे वाटप होते. बौद्ध भिक्खूला सर्व विहारांचा प्रमुख केले जाते. स्थावरक गुलामीतून सुटतो. वसंतसेनेला कुलवधूचा दर्जा मिळतो. आणि चांडाळांना काय मिळते? त्यांना सगळ्या चांडाळांचे प्रमुख करतात.

हे वाचून झाल्यावर बारावीतल्या एका मुलीने विचारले, “म्हणजे राजा बदलला, तरी चांडाळ चांडाळच राहिला ना?” त्यावर दीड तास वाद झाला. श्रेणीबद्ध विषमता या शब्दाचा अर्थ त्या दिवशी कोणाला समजावून द्यावा लागला नाही. सत्तांतर झाल्यावर आपल्या माणसाला आपल्याच समाजाच्या आघाडीचा अध्यक्ष करतात, तो हार घालून फोटो काढतो आणि आपण फटाके वाजवतो. शूद्रकाने हे फार पूर्वी लिहून ठेवले आहे. त्याला ते खटकले की नाही, यावर वाद होऊ शकतो, आणि व्हावा.

उरणच्या पोरांसाठी यात काय आहे?

तिसरा आक्षेप असा की, इथले प्रश्न जमिनीचे, नोकरीचे, मासेमारीचे. त्यात कालिदास काय कामाचा?

‘शाकुंतल’ घ्या. शाळेत शकुंतलेचा निरोप शिकवतात. सहाव्या अंकाच्या सुरुवातीचा प्रवेश क्वचितच शिकवतात. त्यात एका कोळ्याचे हात बांधून राजाचे शिपाई त्याला मारत नेतात. मासा चिरताना त्याच्या पोटात राजाची अंगठी सापडली, असे तो सांगतो. त्यावर कोणाचा विश्वास नाही. त्याच्या धंद्याची चेष्टा होते. तो म्हणतो, आपले पिढीजात काम निंद्य ठरवले म्हणून सोडू नये, यज्ञात पशू मारणाराही क्रूर कर्मच करतो की. अंगठी खरी निघते, राजा बक्षीस देतो, आणि त्यातला अर्धा वाटा शिपायांच्या दारूला जातो. राजा संस्कृत बोलतो, कोळी प्राकृत बोलतो. सगळ्या कथेचा सांधा ज्याच्या हाताने जुळतो तो माणूस एका छोट्या प्रवेशात मार खाऊन निघून जातो.

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. खाडीतली मासेमारी गेली त्या पारंपरिक मच्छीमारांनी हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २०१५ साली न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. चार माणसांनी कागद वाचले, मुद्दे मांडले, म्हणून तो आदेश तरी आला. आता आमच्या कोळीवाड्यातल्या पोराला ‘शाकुंतला’तला तो प्रवेश वाचायला द्या. तो कोळ्याचे संवाद कसे वाचतो ते ऐका. मग तोच विचारतो, पिढीजात काम सोडू नये असे कोळीच का म्हणतो? हे त्याचे मत की लेखकाने त्याच्या तोंडी घातलेला वर्णधर्म? प्रश्न बरोबर आहे. धंद्याचा अभिमान आणि धंद्याची सक्ती यांत फरक आहे, आणि तो करायला शिकणे म्हणजेच आंबेडकरवाद शिकणे.

दुसरे नाटक इब्सेनचे, १८८२ सालचे, ‘लोकांचा शत्रू’ म्हणून ज्याचे नाव सांगता येईल ते. गावाच्या स्नानगृहांचे पाणी दूषित आहे हे एक डॉक्टर शोधून काढतो. गावाचे उत्पन्न त्या स्नानगृहांवर. नगराध्यक्ष त्याचाच भाऊ. वर्तमानपत्र आधी पाठीशी, मग उलटते. चौथ्या अंकात जाहीर सभा भरते आणि बहुमताने त्याला शत्रू ठरवते. पर्यावरणाच्या मंजुरीसाठी होणारी जनसुनावणी ज्याने पाहिली आहे, त्याला हा अंक नवा वाटणार नाही. मंचावर कोण, माईक कोणाच्या हातात, इतिवृत्तात काय लिहिले जाते, सगळे ओळखीचे. पण डॉक्टर पुढे सामान्य लोकांनाच तुच्छ लेखू लागतो, मूठभर शहाण्यांनाच सत्य कळते असे बोलू लागतो. तिथे आपण त्याच्याशी भांडले पाहिजे. बहुमत म्हणजे सत्य नव्हे हे बाबासाहेबही सांगतात, पण त्यावर त्यांचा उपाय लोकांचा तिरस्कार नाही, अल्पसंख्याकांना घटनात्मक संरक्षण हा आहे. १९४७ चे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या अंकाच्या शेजारी ठेवून वाचावे.

तिसरे नाटक अमेरिकेतल्या काळ्या लेखिकेचे, लॉरेन हॅन्सबेरीचे, १९५९ सालचे ‘अ रेझिन इन द सन’. वडील गेल्यावर विम्याचे दहा हजार डॉलर घरात येतात. आईला घर हवे, मुलाला दारूचे दुकान टाकायचे आहे, मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. मुलगा पैशाचा मोठा भाग मित्राच्या भरवशावर घालवतो. आई गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते, तर तिथल्या रहिवासी मंडळाचा माणूस गोड बोलून सांगतो, आम्ही तुम्हाला जास्त पैसे देतो, पण इथे येऊ नका. उरणमध्ये हे नाटक समजावून द्यावे लागत नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जासई-नवघरच्या लढ्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले, त्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. ज्यांच्या घरी भरपाई आली त्या घरांतली भांडणे आम्ही पाहिली आहेत. प्लॉट विकून गाडी घ्यावी की पोरीला शिकवावे? आणि सातबाऱ्यावर ज्यांचे नावच नव्हते, त्या मजुराचे, कातकऱ्याचे काय? नवी मुंबईत भाड्याने घर शोधताना आडनाव विचारतात, जेवण काय करता विचारतात, तो गोड बोलणारा माणूस आपल्याही ओळखीचा आहे.

१२ जानेवारी २०२४ ला उरणची लोकल आणि अटल सेतू दोन्ही सुरू झाले. मुंबई जवळ आली. त्या मुंबईत मुलाखतीला, कोर्टात, मंत्रालयात, युनियनच्या बैठकीत आपल्या पोराला चार माणसांसमोर मुद्दा मांडता आला नाही, तर जवळ आलेल्या मुंबईचा उपयोग दुसरेच करतील.

आपली नाटकेही सोलून वाचा

आपल्या लेखकांची नाटके वाचायची ती पाया पडायला नव्हे. दत्ता भगत यांच्या ‘वाटा पळवाटा’त तीन पिढ्या आहेत. बाबासाहेबांना पाहिलेले काका, प्राध्यापक झालेला सतीश आणि पँथरच्या वळणाचा तडफदार अर्जुन. सतीशची बायको हेमा ब्राह्मण घरातली. हे नाटक वाचताना आमच्यात तीन गट पडले. नोकरीला लागलेले सतीशची बाजू घेत होते, कॉलेजातले अर्जुनची, आणि काकांच्या वाट्याला सुरुवातीला कोणीच नव्हते. मग आम्ही पात्रे बदलली. ज्याने अर्जुन वाचला त्याला काका दिले. पुढच्या बैठकीत वादाचा सूर बदलला. चळवळीतले गट-तट फुटतात ते बहुधा मतभेदाने नाही. दुसऱ्याची बाजू त्याच्या शब्दांत एकदाही उच्चारून न पाहिल्याने फुटतात.

गज्वींच्या ‘किरवंत’मध्ये अंत्यविधी करणारे ब्राह्मण ब्राह्मणांतच अस्पृश्य आहेत. आमच्यातला एक जण चिडला, आपण त्यांचे दुःख कशाला वाचायचे? दुसऱ्याने उत्तर दिले, जात कोणालाच सोडत नाही हे सिद्ध करायला यापेक्षा चांगला पुरावा कोणता? दोघांचेही म्हणणे वहीत नोंदवले आहे. तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ तर मुद्दाम वाचावे. समाजवादी ब्राह्मण आमदाराची मुलगी दलित कवीशी लग्न करते आणि तो तिला मारतो. या नाटकावर आपल्या लोकांनी जोरदार टीका केली, आणि १९९३ चा सरस्वती सन्मान त्याच नाटकाला मिळाला. दलित पुरुषाचे हे चित्र कोणी, कोणासाठी काढले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण आपल्या घरात बायकोवर हात उचलला जातो की नाही, हा प्रश्न आमच्यातल्या मुलींनी विचारला तेव्हा मुले गप्प झाली. दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत विचारता आले पाहिजेत. एक दाबून दुसरा विचारणे हा पळपुटेपणा आहे.

मुलींचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. आपल्या मंचावर महिला वक्ता बहुधा ८ मार्च आणि ३ जानेवारीलाच दिसते. ओट्यावरच्या गटात मुलगी क्रेऑन राजा वाचते आणि मुलगा अँटिगनी. सॉफोक्लीसच्या या जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नाटकात राजा भावाचे प्रेत पुरू देत नाही आणि बहीण राजाज्ञा मोडते. २०२० च्या सप्टेंबरअखेर हाथरसमध्ये आपल्या लेकीचे प्रेत पोलिसांनी मध्यरात्रीनंतर जाळले, घरच्यांना शेवटचे तोंडही पाहू दिले नाही असे त्यांनी सांगितले, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अँटिगनीचे संवाद वाचताना त्या मुलाचा आवाज अडखळला. बाईच्या तोंडचे शब्द पुरुषाने उच्चारून पाहणे, हेही समतेचे शिक्षण आहे.

वेळ कुठे आहे?

चौथा आक्षेप पालकांचा. पोरे एमपीएससी, पोलीस भरती, रेल्वे भरतीचा अभ्यास करतात, काही कंटेनर यार्डात कंत्राटी पाळ्या करतात. त्यांना नाटकाला वेळ कुठला?

वेळेचा प्रश्न खरा आहे, विशेषतः बारा तासांची पाळी करणाऱ्याचा. म्हणून आम्ही महिन्यातून दोनच रविवार घेतो, आणि ज्याला जमेल तो येतो. पण अभ्यासिकेत आठ तास एकट्याने पाठ करणारी मुले मुलाखतीत का अडकतात, हे पालकांनी विचारावे. त्यांना उत्तरे येतात. उलट प्रश्न आला की बोबडी वळते, कारण कोणी त्यांना समोरासमोर, आदराने, पण ठामपणे खोडून काढलेलेच नसते. बाबासाहेबांच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. तिथे येणारीही गरिबांचीच मुले होती.

आणि चर्चा ही आपल्याला पाश्चात्त्यांकडून मिळालेली देणगी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सगळे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते. ते या देशाने गमावले, आणि पुन्हा गमावू नये. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. बुद्धाने कालामांना सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका. विहाराच्या ओट्यावर गोल करून बसलेली आठ पोरे त्या संघाच्या जास्त जवळ आहेत की डीजेपुढे नाचणारी आठशे, हे ज्याचे त्याने ठरवावे. जयंतीला आमचा विरोध नाही. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी काय, एवढेच विचारतो.

बैठक कशी घ्यावी

ज्यांना सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून काही गोष्टी. आठांपेक्षा जास्त माणसे झाली की दोन गट करा, नाहीतर तीनच जण बोलतात. तालुक्याचे पुढारी, नगरसेवक यांना पाहुणे म्हणून बोलावू नका. यायचे तर त्यांनी पात्र घेऊन वाचावे. सत्कार नको, फोटो नको. सुरुवात ‘तृतीय रत्न’पासून करा, ते लहान आहे आणि फुल्यांच्या समग्र वाङ्मयात स्वस्तात मिळते. मग ‘घोटभर पाणी’ घ्या. दोनच पात्रांची एकांकिका आहे, आणि २० मार्च १९२७ चे चवदार तळे आपल्याला का विसरता येत नाही ते ती सांगते.

वाचून झाल्यावर तीन प्रश्न ठरलेले ठेवा. या अंकात कोणाला बोलायला मिळाले? कोण हजर असूनही गप्प राहिले? शेवटी कोणाच्या पदरात काय पडले? दर वेळी एकाने विरोधी पक्ष म्हणून बसायचे, सगळ्यांचे एकमत होत असेल तर त्याने ते मोडायचे. एकाने वहीत इतिवृत्त लिहायचे, ते काम मुलींवर ढकलायचे नाही. वाचताना अडखळणाऱ्याला हसायचे नाही. ज्याला वाचायला जड जाते त्याला लहान पात्र देऊ नका, मोठे पात्र द्या आणि आधी चार दिवस पुस्तक घरी द्या. शब्द अडला तर मोबाईल आहेच, त्याचा तेवढा तरी सदुपयोग होईल.

आगरी, कोळी, कातकरी मुलांना बोलवा. चिरनेरच्या २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहातल्या गोळीबारात नाग्या महादू कातकरी हुतात्मा झाला, त्याच्या समाजाची पोरे आपल्या ओट्यावर बसत नसतील तर तो दोष आपला. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ चालला, तेव्हा नारायण नागू पाटलांच्या बाजूला बाबासाहेब उभे होते, आणि १९३७ साली त्यांनी कायदेमंडळात खोतीविरोधी विधेयक आणले. या जिल्ह्यात महार आणि आगरी, कुळे आणि मजूर एका बाजूला येऊ शकतात हे तेव्हा सिद्ध झाले आहे. आज ते एका सभेत येत नाहीत. एका नाटकाच्या वाचनाला येऊ शकतात, कारण तिथे कोणाला कोणाचा झेंडा धरावा लागत नाही.

नाटक वाचून जात जाईल, कंत्राटदार नमेल, नुकसानभरपाई मिळेल, असे आम्ही म्हणत नाही. त्यासाठी मोर्चा लागेल, कोर्ट लागेल, युनियन लागेल. पण मोर्चात घोषणा द्यायला जमलेल्या माणसाला शिष्टमंडळात बसून मुद्दा मांडता आला पाहिजे. आज शिष्टमंडळात तेच चार ज्येष्ठ बसतात, कारण मागे तयार कोणी नाही. ती पाचवी, सहावी, आठवी माणसे तयार करायची आहेत. तुमच्या वस्तीत विहार आहे, ओटा आहे, सहा जण आहेत. येत्या रविवारी ‘तृतीय रत्न’ उघडा आणि विदूषकाचे पात्र सगळ्यात लाजऱ्या पोराला द्या.

जयभीम!